कळफलकाचा ढाळ आणि वाचणारी बोटे

या वर्षीच्या अंकासाठी 'हात' हा विषय संपादकांनी मुक्रर केला, तेव्हा मूर्तिकाराचा, वैद्याचा आणि वादकाचा हात अन्य लेखकांच्या वाट्याला सहज जाईल हे ओळखून, ज्याचा विचार फारसा कोणी करीत नाही त्या टंकलेखकाच्या हाताकडे मी वळलो. आणि हा हात कळफलकावर कोणत्या कोनात ठेवला जातो, त्या कोनाचा मनगटास काय त्रास होतो, हा वरकरणी किरकोळ वाटणारा प्रश्न घेऊन कर्जतकडे जाणाऱ्या लोकलने वांगणीस उतरलो. कचेऱ्या मुंबईत, टंकलेखनाचे वर्ग कल्याण-उल्हासनगरात, मग या प्रश्नासाठी वांगणी कशाला, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर असे की, आपल्यापैकी बहुतेकांचे मनगट दुखू लागले तर काम अडते. परंतु जो माणूस बोटांनी वाचतो त्याचे मनगट बिघडले, तर कामाबरोबर वाचनही अडते, आणि अशी बोटांनी वाचणारी माणसे ज्या गावात शेजारीशेजारी राहतात, असे वांगणी हे एक गाव आहे.

स्थानक आणि वस्ती

बदलापूर मागे पडले, की इमारतींची दाटी विरळ होते, उल्हास नदीच्या खोऱ्यातील शेतजमिनी आणि फुलझाडांच्या रोपवाटिका दिसू लागतात, आणि मग ठाणे जिल्ह्याच्या अंबरनाथ तालुक्यातील हे स्थानक येते. मुंबई-ठाण्यातच नव्हे, तर उल्हासनगर-अंबरनाथातही ज्यांना खोलीचे भाडे झेपत नाही, अशा दृष्टिहीन कुटुंबांनी गेल्या कित्येक वर्षांत येथे बिऱ्हाडे केली. एका कुटुंबाने आपल्या शाळासोबत्यास बोलाविले, त्याने आपल्या मित्रास, आणि अशा रीतीने कोणत्याही सरकारी योजनेवाचून ही वस्ती वाढत गेली. कमी भाडे हे तिचे एक कारण. दुसरे आणि अधिक बळकट कारण म्हणजे लोकल गाडी. येथील अनेकांची उपजीविका गाडीच्या डब्यातच चालते. चिक्की, पेने, रुमाल, कुलुपे, मोबाइलची कव्हरे असा माल खांद्याच्या पिशवीत भरून ते सकाळी निघतात आणि संध्याकाळी परततात. काहीजण गाण्याच्या कार्यक्रमांतून मिळवतात, काहींस बँकेत वा सरकारी कचेरीत नोकरी लाभली आहे, आणि तरुण पिढीतील पुष्कळांचे लक्ष त्या नोकरीकडेच लागलेले आहे.

वांगणीचे नाव देशभर झाले ते १७ एप्रिल २०२१ या दिवसामुळे. दृष्टिहीन आईच्या हातून सुटून रुळांवर पडलेल्या बालकास, समोरून उद्यान एक्स्प्रेस येत असताना, मयूर शेळके या रेल्वेच्या पॉइंट्समनने धावत जाऊन फलाटावर चढविले, आणि ते दृश्य स्थानकावरील कॅमेऱ्यात टिपले गेल्यामुळे घराघरांत पाहिले गेले. त्या प्रसंगाने लोकांना शेळके यांचे धैर्य दिसले, तसेच या गावात अंध माता-पित्यांची कुटुंबे राहतात हेही प्रथमच कळले. मात्र त्या कुटुंबांतील माणसे दिवसभर काय करतात, कोणत्या साधनांनी शिकतात आणि त्या साधनांशी त्यांचे शरीर कसे जुळवून घेते, याची विचारपूस त्यानंतरही फारशी झाली नाही.

यंत्र कोणासाठी जन्मले

टंकयंत्राचा इतिहास उलगडताना एक गोष्ट मनास स्पर्शून जाते. ज्याच्या अक्षरांचा पुरावा आज शिल्लक आहे, असे पहिल्या काळातील एक लेखनयंत्र इटलीतील पेलेग्रिनो तुर्री याने कॅरोलिना फँटोनी या आपल्या अंध स्नेही स्त्रीसाठी बनविले होते. यंत्र नष्ट झाले, परंतु तिने त्यावर लिहिलेली १८०८ सालची पत्रे टिकली. पुढे डेन्मार्कच्या मॉलिंग-हान्सेनचे गोलाकार यंत्र जर्मन तत्त्वज्ञ नीत्शे याने १८८२ साली विकत घेतले, तेही दृष्टी क्षीण होत चालली म्हणून. रेमिंग्टनने १८७४ मध्ये बाजारात आणलेल्या यंत्रात अक्षर कागदाच्या खालच्या अंगाने उमटत असे, त्यामुळे लिहिणाऱ्यास आपण काय लिहीत आहो हे लागलीच दिसत नसे. आणि १८८८ साली अमेरिकेतील सिनसिनाटी येथे फ्रँक मॅकगुरिन याने कळांकडे न पाहता टंकलेखन करून स्पर्धा जिंकली, तेव्हापासून न पाहता लिहिणे हीच या विद्येची उत्तम रीत ठरली.

म्हणजे हे यंत्र मुळात स्पर्शाचे आहे. त्याच्या घडणीत डोळ्याची सोय शिरली ती अन्य मार्गाने. जुन्या टंकयंत्रात लांब दांड्या चालवावयाच्या असल्यामुळे कळांच्या ओळी पायरीपायरीने चढत जात, आणि तो चढ नजरेच्या सवयीचा झाला. संगणक आल्यावर दांड्यांची गरज उरली नाही. १९८० च्या दशकात जर्मनीच्या मानकाने कळफलकाची मधली ओळ टेबलापासून ३० मिलिमीटरहून फार उंच असू नये असे ठरविले, आणि कळफलक सपाट झाले. तरीही त्यांच्या मागच्या कडेस उघड-मीट होणारे दोन पाय राहिलेच. हे पाय उघडले, की कळांचे माथे बघणाऱ्याच्या नजरेकडे झुकतात व अक्षरे चटकन दिसतात. ज्यास कळा पाहून लिहावे लागते त्याची ही सोय आहे. मनगटाच्या सोयीशी या पायांचा बहुधा संबंध नाही, किंबहुना पुष्कळदा विरोधच आहे.

मनगटाच्या आत

हा विरोध समजण्यासाठी मनगटाची रचना थोडी पाहिली पाहिजे. तळहाताच्या मुळाशी आठ लहान हाडे अर्धवर्तुळात बसलेली असतात आणि त्यांवरून तळहाताच्या अंगाने एक चिवट पट्टी ताणलेली असते. हाडे आणि पट्टी यांच्यामधल्या अरुंद बोगद्यातून बोटे मिटविणाऱ्या नऊ कंडरा जातात आणि त्यांच्याच गर्दीतून मीडियन ही नस जाते. मनगट सरळ असते तेव्हा या बोगद्यातील दाब अत्यल्प असतो. हात वर किंवा खाली वाकला की तो वाढतो, आणि तशा अवस्थेत बोटे तासन्‌तास हलत राहिली, तर कंडरांवरील आवरणे घासून सुजतात. दाब दीर्घकाळ राहिल्यास नसेचा रक्तपुरवठा कमी होतो. पहाटे बोटांना मुंग्या येणे, हात झटकल्यावर बरे वाटणे, वस्तू हातातून निसटणे ही त्याची परिचित लक्षणे असून वैद्यकात या विकारास कार्पल टनेल सिंड्रोम म्हणतात. केवळ संगणकामुळेच हा विकार होतो असे अभ्यासकांनी निःसंशय मानलेले नाही. जोर लावून करावयाची कामे, यंत्रांची कंपने, मधुमेह, थायरॉइडची कमतरता, गर्भारपण ही त्याची अधिक ठळक कारणे आहेत. परंतु कळफलकावर वाकड्या मनगटाने काम केल्याने दुखणे उद्भवते वा असलेले वाढते, हा अनुभव मात्र सार्वत्रिक आहे.

आता हीच नस कोणत्या बोटांना संवेदना देते ते पाहावे. अंगठा, तर्जनी, मधले बोट आणि अनामिकेचा अर्धा भाग. ब्रेल वाचणारा वाचतो प्रामुख्याने तर्जनीने. सहा टिंबांच्या घरातील कोणते टिंब उठलेले आहे आणि कोणते नाही, हा निर्णय त्या बोटाच्या टोकावर क्षणार्धात होत असतो, आणि त्या टोकाला बधिरता आली तर पुस्तक पुढ्यात असून वाचता येत नाही. मधुमेहाने ज्यांची दृष्टी गेली आहे, त्यांच्यावर तर दुहेरी संकट असते. कारण डोळ्यांचा पडदा बिघडविणारा तोच रोग हातापायांच्या नसांनाही दुबळे करतो. डोळस माणसाच्या मनगटाबद्दल जी काळजी घ्यावी असे आपण म्हणतो, ती दृष्टिहीन माणसाच्या बाबतीत त्याच्या साक्षरतेची काळजी ठरते, ती या कारणाने.

पाट, टेबल आणि मांडी

वस्तीतील ज्या खोलीत मी बसलो होतो, तेथे पांढऱ्या काठ्या दाराआड उभ्या केल्या होत्या, विक्रीच्या मालाची पिशवी खुंटीला होती आणि जमिनीवर, पाटावर, एक लॅपटॉप मांडलेला होता. घरातील कन्या लिपिकाच्या परीक्षेची तयारी करीत होती. पडदा तिने पूर्ण अंधारा केला होता, कारण त्याचा तिला उपयोग नाही आणि बॅटरी मात्र वाचते. यंत्र तिला प्रत्येक शब्द इतक्या वेगाने वाचून दाखवीत होते, की माझ्या अनभ्यस्त कानाला त्यातले एखादे पदच कळे. माझे लक्ष वेधले ते लॅपटॉपच्या अलीकडच्या कडेखाली तिने सारलेल्या टॉवेलच्या घडीने. घडीमुळे कळांचा उतार तिच्यापासून दूर, पलीकडे झाला होता. विचारले तेव्हा तिने सांगितले, की असे केले म्हणजे हात ओढत नाहीत. हे तिला कोणी शिकविले नव्हते.

तिने आपल्या हाताने शोधलेली ही गोष्ट प्रयोगशाळांतही सिद्ध झालेली आहे. कॉर्नेल विद्यापीठातील ॲलन हेज यांनी १९९० च्या दशकात आणि मार्क्वेट विद्यापीठातील गाय सिमोनो व रिचर्ड मार्क्लिन यांनी त्यानंतर, कळफलकाचा ढाळ बदलून टंकलेखकांच्या मनगटांची मोजमापे घेतली. मागची कड जितकी उंच, तितके मनगट वर वाकते. ढाळ उलटा केला, म्हणजे पलीकडची कड खाली गेली, की मनगट सरळ रेषेच्या जवळ येते, असा त्यांचा निष्कर्ष आहे.

तथापि उलटा ढाळ हा सर्वांना सर्व ठिकाणी लागू पडणारा हुकूम नव्हे. खरा नियम असा, की कोपरापासून बोटांपर्यंत हाताची जी रेषा जाते, तिच्याशी कळफलकाचा पृष्ठभाग समांतर असावा. जमिनीवर मांडी घालून बसलेल्या माणसाचे कोपर पाटाच्या पुष्कळ वर असते, हात खाली उतरत जातो, म्हणून कळफलकही पलीकडे उतरता हवा. कोपर आणि कळा एका उंचीवर असतील तर सपाट कळफलक योग्य. उलट, टेबल उंच आणि खुर्ची ठेंगणी असेल, तर हात वर चढत जातो आणि त्या स्थितीत मागचे पाय उघडणे मनगटाला सोयीचे वाटूही शकेल. पण तेव्हा दोष टेबलाचा असतो, कारण खांदे उचलले जातात आणि टेबलाची धार मनगटाच्या खालच्या अंगास, नेमक्या त्या बोगद्यावर, रुतते.

आपल्याकडील लिहिण्याची टेबले साधारण ७५ सेंटिमीटर उंच असतात. ती कागदावर लिहिण्यासाठी ठीक. कळफलकासाठी, विशेषतः कमी उंचीच्या स्त्रीपुरुषांसाठी, ती उंच पडतात. महागड्या खुर्च्यांवाचून यावर तोड निघते. बैठकीवर घट्ट उशी घालून कोपरे कळांच्या पातळीवर आणावीत, आणि त्यामुळे पाय लोंबकळू लागले तर त्यांखाली पाट किंवा वीट द्यावी. तळहात टेकविण्यासाठी मऊ पट्टी मिळते, तिचाही उपयोग समजून करावा; विश्रांतीच्या क्षणी तळहाताची टाच तीवर टेकावी, बोटे चालू असताना मनगट तीवर दाबून धरू नये.

माउसवाचून

दृष्टिहीन माणसाचा कळफलकाशी असलेला व्यवहार आपल्यापेक्षा फार दाट असतो. त्याच्या संगणकावर माउस जवळजवळ निरुपयोगी. पानावरचा प्रत्येक दुवा, प्रत्येक रकाना, प्रत्येक ओळ कळांनीच गाठावी लागते. पडदा वाचून दाखविणारे एनव्हीडीए हे सॉफ्टवेअर २००६ साली मायकेल करन या अंध ऑस्ट्रेलियन तरुणाने सुरू केले आणि ते विनामूल्य असल्यामुळेच ते अशा वस्त्यांपर्यंत पोहोचले. जॉज हे त्याआधीचे आणि महाग. या दोन्ही सॉफ्टवेअरमध्ये बहुतेक आज्ञा दोन-तीन कळा एकदम दाबून द्यावयाच्या असतात. एका हाताची करंगळी कोपऱ्यातील कळ धरून ठेवते आणि बाकीची बोटे दूर ताणली जातात, तेव्हा मनगट करंगळीच्या बाजूस वळते. या बाजूच्या वळणाचा ताण वर-खाली वाकण्याहून वेगळा आणि तितकाच उपद्रवी आहे. त्यावर दोन उपाय वस्तीतील जाणत्यांनी सांगितले. एनव्हीडीएची मुख्य कळ म्हणून दूरच्या इन्सर्टऐवजी डाव्या हाताजवळची कॅप्स लॉक निवडावी. आणि विंडोजमधील स्टिकी कीज ही सोय चालू करावी, म्हणजे कळा एकदम न धरता एकामागून एक दाबल्या तरी चालतात. शिफ्टची कळ पाच वेळा दाबली की ही सोय पुढे येते.

मोबाइलवर बोलून लिहिण्याची सुविधा आली, मग टंकलेखन हवेच कशाला, अशी शंका डोळसांना येते. गर्दीच्या लोकलमध्ये आवाज पोहोचत नाही, कचेरीत गोपनीय मजकूर मोठ्याने उच्चारता येत नाही, आणि परीक्षेत तर बोलून चालतच नाही. मोबाइलच्या काचेवर सहा बोटांनी ब्रेल लिहिण्याची सोय २०२० साली अँड्रॉइडवरही झाली आणि तरुण मंडळी ती वापरतात. तरी दीर्घ मजकुरासाठी कळफलकास पर्याय नाही.

वयस्कांच्या हातांचा इतिहास आणखी निराळा आहे. त्यांपैकी पुष्कळांनी शाळेत ब्रेलची पाटी आणि टोकदार स्टायलस यांनी लेखन केले. जाड कागदावर एकेक टिंब दाबून उठवावयाचे, तेही उजवीकडून डावीकडे, कारण वाचावयाचे कागद उलटून. पुढे काहींस पर्किन्स ब्रेलर लाभले. अमेरिकेतील पर्किन्स अंधशाळेत डेव्हिड अब्राहम यांनी घडविलेले हे यंत्र १९५१ पासून बनू लागले. त्यात सहा टिंबांच्या सहा कळा एकाच वेळी दाबता येतात, मात्र त्या दाबण्यास जोर लागतो. अशा जोराच्या सवयीने घडलेले हात जेव्हा लॅपटॉपच्या हलक्या कळांवर येतात, तेव्हा जुना जोर नकळत तसाच लावला जातो. ब्रेल वाचण्याची त्यांची रीत मात्र याच्या अगदी उलट आहे. वाचताना बोट जितके हलके, तितकी टिंबे स्पष्ट. मनगट सरळ आणि किंचित उचललेले. हाताचा भार खांद्यावर, कागदावर नव्हे. वाचण्याचा हात लिहिण्याच्या हातास द्यावा, हाच त्यांच्यासाठी सर्वांत नेमका उपदेश ठरेल.

परीक्षा आणि कचेरी

कल्याण-अंबरनाथच्या कचेऱ्यांबाहेर एके काळी अर्ज टंकित करून देणाऱ्यांची रांग असे. गोदरेजने १९५५ साली पहिले भारतीय टंकयंत्र काढले आणि पुढची काही दशके त्यांचा खडखडाट हा प्रत्येक तालुक्याच्या ठिकाणचा नित्याचा आवाज होता. त्या यंत्राच्या कळा जड होत्या. पण ओळ संपली की हात उचलून गाडी सरकवावी लागे, पान संपले की कागद बदलावा लागे, आणि मनगट टेकवण्यास जागाच नसल्यामुळे वर्गातील मास्तर ते टेकवूही देत नसत. यंत्राच्याच घडणीने विश्रांतीची तजवीज केलेली होती. संगणकाने कळा हलक्या केल्या आणि ती सक्तीची विश्रांती मात्र काढून घेतली. ती आता प्रत्येकाने स्वतः घ्यावयाची आहे.

आज टंकलेखनाची शासकीय परीक्षा महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद संगणकावर घेते, आणि लिपिक-टंकलेखकाच्या पदासाठी मराठीत मिनिटास ३० वा इंग्रजीत ४० शब्दांच्या गतीचा दाखला मागितला जातो. वेगाची ही अट पुरी करण्यासाठी उमेदवार महिनोन्‌महिने सराव करतात. परंतु वर्गातील टेबलाची उंची, खुर्चीची बैठक आणि कळफलकाचा ढाळ यांविषयी शब्दही न ऐकता कित्येकजण दाखला घेऊन बाहेर पडतात. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ अन्वये सरकारी नोकऱ्यांत किमान ४ टक्के जागा दिव्यांगांसाठी राखीव असून त्यांतील १ टक्का अंध व अल्पदृष्टी उमेदवारांसाठी आहे. त्याच अधिनियमाच्या २० व्या कलमाने प्रत्येक सरकारी आस्थापनेवर दिव्यांग कर्मचाऱ्यास वाजवी सोयी आणि अनुकूल वातावरण देण्याचे बंधन घातले आहे. बोलक्या सॉफ्टवेअरसाठी अर्ज करताना कर्मचाऱ्याने आपल्या हाताजोग्या उंचीच्या टेबलाचीही मागणी करावी. ती मेहरबानीची याचना नसून कायद्याच्या आधाराने करावयाची मागणी आहे.

वाचकांस विनंती

दिवाळीच्या सुमारास अनेक संस्था आणि सद्‌गृहस्थ वांगणीसारख्या वस्त्यांत शिधा, फराळ, कपडे आणि अलीकडे संगणकही देतात. त्यांना माझी विनंती आहे, की संगणकाबरोबर एक ठेंगणे, घट्ट पायांचे टेबल आणि योग्य उंचीची बैठक द्यावी, आणि देण्यापूर्वी घेणाऱ्यास त्यावर बसवून त्याचे कोपर कळांच्या पातळीवर येते की नाही हे पाहावे. टंकलेखनाच्या वर्गचालकांनी पहिल्या दिवशी बोटांची घरे शिकविण्याआधी हाताची रेषा शिकवावी. बोटांना मुंग्या येत असतील तर दृष्टिहीन माणसाने, आणि विशेषतः मधुमेह्याने, ते अंगावर न काढता वैद्याकडे जावे. नस फार काळ दबलेली राहिली तर गेलेली संवेदना पुरती परतेलच असे नाही.

राहिला प्रश्न आपला, डोळसांचा. ज्यांना कळा न पाहता लिहिता येते, त्यांनी कळफलकाच्या मागचे दोन पाय आजच मिटवावेत आणि हाताची रेषा सरळ आहे ना, एवढे पाहावे. ज्यांना येत नाही, त्यांनी न पाहता लिहावयास शिकावे. या कामी वांगणीची माणसे आपल्याहून पुढे आहेत आणि त्यांच्याकडून शिकण्यास कोणतेही शुल्क लागत नाही.